सीमोल्लंघनाचा ताळेबंद

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त उद्योग-व्यापारावर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा विश्वस्तांनी मला केली. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि जन्मभर कापडाचा व्यापार केलेला माणूस आहे. अर्थशास्त्राचा पंडित म्हणून मी आपल्यासमोर उभा नाही. मात्र पेढीवर बसून कारखानदारांशी व्यवहार करताना आणि कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचताना एका प्रश्नाने माझा नेहमी पाठलाग केला आहे. कारखाना देशाची सीमा ओलांडून बाहेर पसरला, म्हणजे त्याची प्रकृती सुधारते की बिघडते? आजच्या भाषणासाठी मी हाच विषय निवडला आहे.

हा विषय केवळ मोठ्या कंपन्यांचा आहे, असे कृपया समजू नये. आपल्या समाजात कोणाचे यंत्रमाग आहेत, कोणी सुटे भाग बनवतो, कोणाचा खाद्यपदार्थांचा कारखाना आहे. धंदा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीकडे आला आहे. शिकून आलेला मुलगा म्हणतो, "काका, आता निर्यात वाढवू या, परदेशात गोदाम घेऊ या, तिकडचा एक कारखाना विकायला निघाला आहे, तो पाहू या." काका म्हणतात, "इथले सांभाळा, तेवढे पुरे." दोघांच्याही मनात घराण्याचे हितच असते, परंतु पुष्कळदा दोघेही आकडे समोर न ठेवता बोलतात. निर्णय चुकला तर केवळ कारखाना जात नाही. राहते घर बँकेकडे तारण असते, भावाभावांची जामीनकी असते आणि शे-दोनशे कामगारांच्या चुली त्यावर पेटत असतात. म्हणून या प्रश्नाचा विचार भावनेने न करता ताळेबंदाने करावा, असे मला वाटते.

परकेपणाचा खर्च

परदेशी बाजारात पाऊल टाकताच प्रथम वाढतो तो खर्च. तिकडचे कायदे, मालाच्या तपासण्या, तिकडच्या भाषेतील पत्रव्यवहार, परत आलेल्या मालाची हाताळणी, विनिमय दरातील चढउतार आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अनोळखी ग्राहकाची पत. स्थानिक कारखानदाराला या गोष्टी वाडवडिलांपासून ठाऊक असतात, नवख्याला त्या पैसे मोजून शिकाव्या लागतात. याला मी परकेपणाचा खर्च म्हणतो.

एक काल्पनिक हिशेब मांडतो. समजा, एका कारखानदाराने देशात १ कोटी रुपयांचा माल विकला, त्यात ६ लाख नफा ठेवला आणि पैसे ६० दिवसांत हाती आले. दुसऱ्याने तेवढ्याच रकमेचा माल परदेशी पाठवला आणि ९ लाख नफा ठेवला. मात्र सूत घेतल्यापासून पैसे जमा होईपर्यंत १८० दिवस लागले. व्याज वर्षाला १२ टक्के धरू. पहिल्याच्या ९४ लाखांवर ६० दिवसांचे व्याज सुमारे १ लाख ८५ हजार होते. त्याच्या हाती ४ लाख १५ हजार उरतात. दुसऱ्याच्या ९१ लाखांवर १८० दिवसांचे व्याज सुमारे ५ लाख ४० हजार होते. त्याच्या हाती ३ लाख ६० हजार उरतात. शिवाय पहिल्याचे भांडवल वर्षात सहा वेळा फिरू शकते, दुसऱ्याचे दोनच वेळा. वर्षअखेर पहिल्याकडे सुमारे २५ लाख, तर दुसऱ्याकडे सव्वासात लाख.

याचा अर्थ निर्यात तोट्याची असते, असा नाही. देशातील मागणीच अपुरी असेल, तर सहा फेरे कागदावरच राहतात आणि माग बंद ठेवावे लागतात. अशा वेळी परदेशी मागणी ही कारखान्याचा प्राणवायू ठरते. सांगायचे एवढेच की, नफ्याचा टक्का वाढला म्हणून धंदा वाढला, असे होत नाही. भांडवल किती दिवस अडकले, हे त्याच्या शेजारी लिहून पाहावे लागते.

नागमोडी रेषा

या प्रश्नाचा जगभरच्या अभ्यासकांनी पुष्कळ शोध घेतला आहे. जेन लू आणि पॉल बीमिश या दोघांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १,४८९ जपानी कंपन्यांची १२ वर्षांची कामगिरी तपासली. त्यांना आढळलेली रेषा नागमोडी होती. परदेशी विस्ताराच्या आरंभी नफा घसरतो, कारण परकेपणाचा खर्च सुरू झालेला असतो आणि फळ आलेले नसते. पुढे जम बसला की तो वाढतो. एकाच तंत्राचा, एकाच नाममुद्रेचा लाभ अनेक बाजारांत मिळतो. मात्र पसारा फार वाढला की नफा पुन्हा उतरू लागतो. इतक्या देशांतील व्यवहारांचा मेळ घालणे, माणसांवर लक्ष ठेवणे यांतच शक्ती खर्ची पडते. ज्या कंपन्यांपाशी स्वतःचे तंत्रज्ञान किंवा नावलौकिक होता, त्यांना या विस्ताराचा लाभ अधिक झाला, हेही त्यांच्या पाहणीत दिसून आले.

येथे एक शंका रास्त आहे. निर्यात करणारे कारखाने इतरांपेक्षा सरस दिसतात, ते निर्यातीमुळे, की मुळात सरस असलेलेच कारखाने निर्यात करू शकतात? अमेरिकेतील अँड्र्यू बर्नार्ड आणि ब्रॅडफर्ड जेन्सन यांनी १९९९ साली तेथील कारखान्यांच्या आकड्यांवरून दाखवले की, चांगले कारखाने निर्यातीपूर्वीच चांगले होते. म्हणजे शेजाऱ्याचा कारखाना परदेशात माल पाठवून भरभराटला, म्हणून आपलाही भरभराटेल, हे अनुमान घाईचे ठरते.

तरीही परदेशी ग्राहक काही शिकवत नाही, असे म्हणता येणार नाही. याचा एक सुंदर पुरावा इजिप्तमधील फुवा या गावी मिळाला. तेथे हातमागावर गालिचे विणणारे लहान लहान कारागीर आहेत. डेव्हिड अ‍ॅटकिन, अमित खंडेलवाल आणि अ‍ॅडम ओस्मान या संशोधकांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून काही कारागिरांना निर्यातीच्या मागण्या मिळवून दिल्या आणि उरलेल्यांशी त्यांची तुलना केली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, निर्यातीची संधी मिळालेल्यांचा नफा १६ ते २६ टक्क्यांनी अधिक राहिला. गंमत अशी की, त्यांचे तासाचे विणकाम कमी झाले, कारण परदेशी ग्राहकाला विणीत दोष चालत नव्हता. परंतु पुढे सर्वांना एकसारखा साधा गालिचा विणायला दिला, तेव्हा निर्यात करणाऱ्यांनी तेवढ्याच वेळात अधिक चांगला गालिचा विणला. ग्राहकाच्या तक्रारींतून हात सुधारला होता. निर्यातीचा सर्वांत मोठा नफा कित्येकदा खतावणीत दिसत नाही, तो कारागिराच्या बोटांत जमा होतो.

कोटा संपल्यानंतरचे कापड

आता माझ्या जिव्हाळ्याच्या कापडधंद्याकडे येतो. १९७४ पासून जगातील कापडव्यापार कोटापद्धतीने बांधलेला होता. कोणत्या देशाने अमेरिका-युरोपात किती माल पाठवावा, याच्या मर्यादा ठरलेल्या होत्या. २००४ च्या अखेरीस ही पद्धती संपली आणि १ जानेवारी २००५ पासून दार मोकळे झाले. आपल्या कंपन्यांत मोठा उत्साह संचारला. केवळ माल पाठवण्यावर समाधान न मानता तिकडची दुकाने आणि नाममुद्राच विकत घ्याव्यात, असा विचार बळावला.

सोडा अ‍ॅशच्या धंद्यात भक्कम असलेल्या जीएचसीएल या कंपनीने २००६ साली अमेरिकेतील डॅन रिव्हर ही जुनी कापडकंपनी आणि ब्रिटनमधील रोझबीज ही घरगुती कापडाच्या दुकानांची साखळी घेतली. भारतात विणायचे आणि परदेशातील स्वतःच्या दुकानात विकायचे, अशी ही कल्पना होती. कागदावर ती निर्दोष होती. पण दुकानाचे भाडे, पगार आणि न खपलेला माल हा वेगळाच धंदा असतो. २००८ च्या मंदीच्या वर्षात डॅन रिव्हरने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि रोझबीजही त्याच वर्षी बुडाली. मुंबईच्या एस. कुमार्स नेशनवाइडने एका भागीदारासह २००९ साली हार्टमार्क्स हा शिकागोचा नामांकित सूटांचा उद्योग दिवाळखोरीतून उचलला. २०१२ साली तो पुन्हा दिवाळखोरीत गेला. नाव मोठे होते, पण रोग जुना होता.

याच काळात वेलस्पनने २००६ साली ब्रिटनमधील ख्रिस्टी ही एकोणिसाव्या शतकापासूनची टॉवेलची नाममुद्रा घेतली. विम्बल्डन टेनिस स्पर्धेचे टॉवेल याच नावाने ओळखले जातात. वेलस्पन स्वतः टॉवेलच बनवत होती, म्हणजे घेतलेले नाव आणि हातातले कौशल्य यांचा मेळ होता. ख्रिस्टी टिकली. तथापि नावलौकिकाची किंमत किती असते, याचा धडा याच कंपनीला पुढे मिळाला. ऑगस्ट २०१६ मध्ये चादरींतील कापूस इजिप्शियन नसल्याच्या कारणावरून अमेरिकेच्या टार्गेट कंपनीने तिच्याशी व्यवहार थांबवला आणि तिच्या समभागाचा भाव कोसळला. त्यानंतर कंपनीने कापसापासून तयार मालापर्यंत माग काढणारी व्यवस्था उभारली. दूरच्या ग्राहकाशी विश्वास जोडायला वर्षे लागतात, तुटायला एक गठ्ठा पुरतो.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातून वाढलेल्या इंडो काउंटची वाटचाल मला शिकण्यासारखी वाटते. पलंगपोस-चादरींची निर्यात करीत या कंपनीने प्रथम उत्पादनात जम बसवला. २०२२ साली तिने जीएचसीएलचाच घरगुती कापडाचा व्यवसाय विकत घेतला. अमेरिकेतील वॅमसुट्टा ही जुनी नाममुद्रा तिने २०२४ साली घेतली, तीही तिकडच्या ग्राहकाची नाडी अनेक वर्षे ओळखल्यानंतर. तरीही एका बाजारावर भिस्त ठेवण्याचा धोका टळत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील जादा आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले, तेव्हा चादरी-टॉवेलांच्या सर्वच निर्यातदारांच्या पोटात गोळा आला. आपल्या कारखान्यात कोणतीही चूक नसताना दुसऱ्या देशाच्या एका आदेशाने हिशेब बदलतो, ही परदेशी व्यापाराची कायमची अट आहे.

पुण्याचे लोखंड, जमशेदपूरचे पोलाद

कापडाबाहेरची दोन उदाहरणे देतो. पुण्याच्या मुंढव्यातील भारत फोर्ज १९६१ साली स्थापन झाली. वाहनांचे क्रँकशाफ्ट, पुढचे आस असे घडाई केलेले भाग ती बनवते. परदेशात माल पाठवण्याचा अनुभव गाठीशी आल्यावर २००४ साली तिने जर्मनीतील सीडीपी हा घडाईचा उद्योग घेतला. पुढील दोन वर्षांत स्वीडन, अमेरिका आणि चीन येथेही पाय रोवले. ग्राहकाजवळ राहून नमुना विकसित करायचा आणि मोठ्या प्रमाणावरील उत्पादन पुण्यात करायचे, अशी तिची योजना होती. परंतु २००८-०९ च्या मंदीत अमेरिका-युरोपातील मालमोटारींची मागणी आटली आणि परदेशी कारखान्यांनी तोटा दाखवला. पुढे अमेरिकेतील तो कारखाना बंद झाला, चीनमधील भागीदारीतूनही कंपनी बाहेर पडली. तरीही मूळ कंपनी उभी राहिली, कारण मुंढव्याची भट्टी पक्की होती आणि तोट्याचे हात वेळीच आवरते घेण्याचे धैर्य व्यवस्थापनाने दाखवले. आवरते घेणे हाही विस्ताराच्या शास्त्राचाच भाग आहे, हे आपण लक्षात ठेवावे.

टाटा स्टीलने २००७ साली ब्रिटन व नेदरलँड्समधील कोरस ही पोलाद कंपनी सुमारे १२ अब्ज डॉलर्सना घेतली. कोरस उत्पादनात टाटा स्टीलच्या तिपटीहून मोठी होती आणि रकमेचा मोठा भाग कर्जाचा होता. पाठोपाठ जागतिक मंदी आली. ब्रिटनमधील कारखान्यांनी अनेक वर्षे तोटा केला आणि जमशेदपूरच्या मिळकतीने ते सावरून धरले. अखेरीस ३० सप्टेंबर २०२४ रोजी वेल्समधील पोर्ट टॅलबट येथील शेवटची झोतभट्टी विझली. हजारो कामगारांच्या उपजीविकेचा प्रश्न तेथे उभा राहिला. त्याच टाटा समूहाने २००८ साली २.३ अब्ज डॉलर्सना घेतलेल्या जग्वार-लँड रोव्हरने मात्र आरंभीच्या तोट्यानंतर काही वर्षांत मोठा नफा कमावला. घर एकच, वृत्ती एकच, परंतु एका ठिकाणी ग्राहक अधिक किंमत देऊन मागत असलेली मोटार होती आणि दुसरीकडे जगभर मुबलक मिळणारे पोलाद. विस्ताराचे यश केवळ मालकाच्या सचोटीवर अवलंबून नसते, विकत घेतलेल्या वस्तूच्या गुणावरही असते.

आधी घरची ओसरी

परदेशी जाण्यापूर्वी घर किती आवरलेले आहे, हेही पाहावे. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ पासून मुंबईजवळच्या तारापूर आणि उंबरगाव येथील कापड कारखान्यांत एक प्रयोग केला. काही कारखान्यांना व्यवस्थापनाचा मोफत सल्ला दिला. दोषांची रोज नोंद ठेवणे, सुताचा साठा रांगेने लावून त्यावर चिठ्ठी डकवणे, यंत्र बिघडण्यापूर्वीच दुरुस्त करणे, अशा साध्या गोष्टी होत्या. पहिल्याच वर्षी त्या कारखान्यांची उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. विमानाचे तिकीट न काढता, एकही नाममुद्रा विकत न घेता झालेली ही वाढ आहे. ज्या कारखान्यात कोणत्या तागात कोणता दोष निघाला हे संध्याकाळी सांगता येत नाही, त्याने हॅम्बुर्गच्या ग्राहकाला काय उत्तर द्यावे?

पाच प्रश्न

या सर्वांतून माझ्या अल्पमतीला जे उमगले, ते पाच प्रश्नांच्या रूपाने आपल्यापुढे ठेवतो. परदेशी विस्ताराचा प्रस्ताव घरात आला, की ते कागदावर लिहून उत्तरे मांडावीत.

पहिला प्रश्न, आपण बरोबर काय नेत आहोत? आपले तंत्र, आपली वीण, आपले नाव यांपैकी काहीतरी तेथील स्थानिक कारखानदारापेक्षा सरस असले पाहिजे. केवळ स्वस्ताई नेली, तर उद्या आपल्याहून स्वस्त कोणीतरी येतोच.

दुसरा प्रश्न, समोरचा का विकत आहे? स्वस्त मिळणाऱ्या परदेशी कारखान्याच्या किमतीत त्याची निवृत्तिवेतनाची देणी, जुनी यंत्रे आणि गमावलेले ग्राहक दिसत नाहीत. ती नंतर दिसतात.

तिसरा प्रश्न, पैसा कोणाचा आहे? स्वतःच्या साठलेल्या नफ्यातून केलेले साहस बुडाले तर दुखते, पण माणूस उभा राहतो. घर आणि चालता कारखाना तारण ठेवून केलेले साहस बुडाले, तर तीन पिढ्यांची मिळकत जाते. मंदी कोणत्या वर्षी येईल हे कोणालाच सांगता येत नाही, परंतु हप्त्याची तारीख ठरलेली असते.

चौथा प्रश्न, किती देश, किती ग्राहक? सर्व माल एकाच देशात जात असेल तर ते एका खांबावरचे छप्पर होय. उलट, दहा देशांत थोडा थोडा माल पाठवून दहा ठिकाणची वसुली करत बसणेही लहान कारखान्याला झेपत नाही. जम बसलेल्या दोन-तीन बाजारांतून पुढे सरकावे.

पाचवा प्रश्न, थांबायचे केव्हा? किती वर्षे आणि किती रक्कम तोटा सोसायचा, हे आरंभीच सर्व भागीदारांनी लिहून सह्या कराव्यात. आरंभीचा तोटा हा नागमोडी रेषेतील स्वाभाविक उतार आहे, हे ज्याला ठाऊक नसते तो लवकर पळून येतो. आणि ज्याने मर्यादा आखलेली नसते तो बुडेपर्यंत थांबतो. दोन्ही नुकसानीचेच.

कंपनीचा समभाग घेणाऱ्यांनाही एक सूचना करतो. वार्षिक अहवालात कंपनीचा स्वतंत्र ताळेबंद आणि उपकंपन्यांसह एकत्रित ताळेबंद असे दोन्ही छापलेले असतात. दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत. स्वतंत्र ताळेबंदात भरघोस नफा आणि एकत्रित ताळेबंदात तो आटलेला दिसला, तर घरचे तेल परदेशी दिव्यात जळत आहे, असे समजावे. हे एक वर्ष चालले तर हरकत नाही. वर्षानुवर्षे चालले, तर प्रश्न विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

बंधू-भगिनींनो, तरुणांनी परदेशाकडे पाहू नये, असे सांगण्यासाठी मी उभा राहिलेलो नाही. फुवाच्या विणकरासारखा चोखंदळ ग्राहक ज्याला भेटला, त्याचे कौशल्य वाढल्याशिवाय राहत नाही आणि इकडची बाजारपेठ मंदावली तर तोच ग्राहक कारखान्याला तारतो. वडीलधाऱ्यांना माझी विनंती एवढीच की, मुलांच्या प्रस्तावाला नकार देण्यापूर्वी त्यांच्याकडून हिशेब मागावा. मुलांनाही विनंती, की आरंभ मालाने करावा, इमारतीने करू नये. आधी चार नमुने पाठवावेत, मग एक पेटी, मग एक कंटेनर. तिकडचा ग्राहक दुसऱ्यांदा मागणी पाठवील, तेव्हा गोदामाचा विचार करावा. दसऱ्याला आपल्याकडे शस्त्रांची पूजा आधी होते, सीमोल्लंघन त्यानंतर. कारखानदारीतही हाच क्रम राखला, तर बाहेरचे सोने घरी येईल आणि घरचेही शाबूत राहील.